पाठीच्या दुखण्याची डिसेबिलिटी पेन्शन नामंजूर झाली, तर अपील कसं लिहावं

रेकॉर्ड ऑफिसचं नामंजुरीचं पत्र बहुधा एका पानात आटपतं. वर आजाराचं नाव असतं, ‘पीआयव्हीडी एल४-एल५’ (कमरेच्या मणक्यातली चकती सरकणं) किंवा ‘लंबर स्पॉन्डिलोसिस’ (कमरेच्या मणक्यांची झीज). मग सैन्याच्या मेडिकल बोर्डाने दिलेले अपंगत्वाचे टक्के, आणि खाली एक वाक्य: हा आजार सैन्यसेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. फाइलीत तेवढ्यासाठी नुसतं ‘एनएएनए’ लिहिलेलं दिसतं. शेवटी लिहिलेलं असतं की मान्य नसेल तर सहा महिन्यांत पहिलं अपील करा.

सिन्नर-निफाडपासून मालेगाव-बागलाणपर्यंतचे माजी सैनिक या पत्राला उत्तर देतात तेव्हा बहुतेक अर्जांत एकच गोष्ट असते: पाठ किती दुखते, किती वेळ बसता येत नाही, घर कसं चालतं. सगळं खरं असतं, पण अपील समितीपुढचा प्रश्न तो नसतोच. बोर्डाने २० किंवा ३० टक्के दिलेत, म्हणजे दुखणं मान्य केलेलं आहे. मान्य केलेला नाही तो दुखण्याचा सेवेशी संबंध. तो का नाही, याचं एक ठरावीक कारण बोर्डाने कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं. अपील म्हणजे त्या एका कारणाला दिलेलं उत्तर. ते कारण डोळ्यांनी वाचल्याशिवाय अपील लिहायला बसू नये.

आधी पत्र नीट वाचून नामंजुरी कोणत्या प्रकारची आहे ते पाहा. संबंध नाकारला असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. संबंध मान्य आहे पण टक्के २० पेक्षा कमी, उदाहरणार्थ १५, तर लढाई वेगळी आहे. सेवा पुरी करून निवृत्त झालेल्याला २० टक्क्यांच्या खाली डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये विंग कमांडर एस. पी. राठोड यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं. तिथे नियमांचा युक्तिवाद कामाचा नाही. तिथे फेरतपासणीची मागणी आणि ताकदवान वैद्यकीय कागद लागतात: एमआरआय, एनसीव्ही (नसांची चाचणी), पाय सरळ उचलण्याच्या चाचणीत किती अंशावर कळ येते याची नोंद, पायाच्या कोणत्या स्नायूत किती अशक्तपणा आहे याची नोंद. ज्याला मुदतीआधीच आजारपणामुळे बोर्डआउट केलं, त्याची बाजू मात्र बळकट असते. सुखविंदर सिंग प्रकरणात २०१४ मध्ये न्यायालयाने म्हटलं की ज्या अपंगत्वामुळे माणसाला सेवेतून काढावं लागलं, ते २० टक्क्यांहून अधिकच धरलं पाहिजे.

एक गैरसमज इथेच दूर करू. जिल्हा रुग्णालयातून मिळणारं दिव्यांग प्रमाणपत्र आणि सैन्याच्या बोर्डाचे टक्के या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. ‘माझ्याकडे ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र आहे’ एवढ्यावर पेन्शन मिळत नाही. जोडायचं असेल तर जोडा, पण अपिलाचा डोलारा त्यावर उभा करू नका.

आता कागद. सर्वांत महत्त्वाचा आहे एएफएमएसएफ-१६, म्हणजे सेवा सोडताना झालेल्या मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही. नामंजुरीच्या पत्रासोबत तो येईलच असं नाही, आणि बऱ्याच जणांनी तो कधी पाहिलेलाही नसतो. तोफखान्यातल्यांसाठी सोय अशी की आर्टिलरी रेकॉर्ड्स नाशिकरोड कॅम्पलाच आहे. पण नाशिकमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाचं रेकॉर्ड इथे नसतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महारचं सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. अर्ज चुकीच्या रेकॉर्ड ऑफिसला गेला तर तो फिरत राहतो आणि मुदतीचे आठवडे वाया जातात.

साधं पत्र लिहून कागद मागता येतात, पण माहिती अधिकारात मागणं जास्त खात्रीचं. फी १० रुपये, केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरून किंवा पोस्टल ऑर्डर जोडून. उत्तराची मुदत ३० दिवस. ओळखपत्राची प्रत, आर्मी नंबर, हुद्दा आणि डिस्चार्जची तारीख द्या. ‘माझे सर्व वैद्यकीय कागद’ असं मोघम लिहू नका, नाव घेऊन मागा: भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी; एएफएमएसएफ-१६ सर्व भागांसह; मधल्या काळात वैद्यकीय कॅटेगरी ठरवणाऱ्या बोर्डांचे एएफएमएसएफ-१५; सर्जन किंवा अस्थिरोगतज्ज्ञाचं मत; इंजुरी रिपोर्ट, म्हणजे आयएएफवाय-२००६, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असेल तर तिची कार्यवाही; सर्व पोस्टिंगचा तपशील तारखांसह; आणि दावा ज्या टिपणीवर नामंजूर झाला ती टिपणी. शेवटची टिपणी मागायला लोक हमखास विसरतात. पेन्शन न मिळणाऱ्यांचे सेवा-दस्तऐवज २५ वर्षांनी नष्ट केले जातात, म्हणून जुन्या डिस्चार्जवाल्यांनी हे काम आधी हातात घ्यावं.

एएफएमएसएफ-१६ हाती आला की तो तीन ठिकाणी उघडा. पहिलं, तुमचं स्वतःचं निवेदन. ‘हा त्रास भरतीपूर्वी होता का’ आणि ‘सेवेतल्या कोणत्या घटनेमुळे झाला असं वाटतं’ अशा अर्थाचे प्रश्न तिथे असतात. दुसऱ्याच्या पुढे बहुतेक वेळा ‘नो’ किंवा नुसती रेघ असते, कारण घरी जाण्याच्या गडबडीत कारकुनाने भरलं आणि जवानाने सही केली. तसं असेल तर अपिलात गप्प बसू नका. त्या वेळी प्रश्न समजावून सांगितला गेला नव्हता आणि प्रत्यक्ष घटना अमुक होती, असं नोटरी केलेल्या प्रतिज्ञापत्रावर लिहून जोडा. समितीतला माणूस ती रेघ पाहणारच आहे.

दुसरं, कमांडिंग ऑफिसरचा भाग. जवान प्रत्यक्ष काय काम करत होता, ते इथे येतं. तिसरं आणि निर्णायक, बोर्डाच्या मताचा तक्ता. आजारापुढे तीन रकाने: सेवेमुळे झाला का, सेवेने वाढला का, सेवेशी संबंध नाही का. त्यांच्या शेजारी कारणाची जागा. या जागेत दोन-चार शब्दच असतात. पाठीच्या प्रकरणांत ते साधारण असे: ‘सुरुवात पीस स्टेशनला, फील्ड किंवा हाय अल्टिट्यूडच्या ताणाशी कालसंबंध नाही’; ‘डीजनरेटिव्ह, वयोमानानुसार’; ‘इंजुरी रिपोर्ट नाही’. कधी ती जागा रिकामीच असते. रिकामी असेल तर तेच अपिलातलं पहिलं कलम करा; कारण न देणारं मत हे मतच नाही, अशी भूमिका न्यायालयांनी वारंवार घेतली आहे.

‘पीस स्टेशन’ हे कारण सर्वांत जास्त दिसतं आणि सर्वांत कच्चं तेच आहे. सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवांचे १९८३ चे जे विनियम आहेत, त्यांचा परिच्छेद ४२३ (अ) सरळ सांगतो की आजाराचं कारण फील्ड एरियात घडलं की शांततेच्या नेहमीच्या परिस्थितीत, याने फरक पडत नाही. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या २ जुलै २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच परिच्छेद उतरवला. न्यायालयाने तिथे आणखी तीन गोष्टी पक्क्या केल्या: भरतीच्या वेळी नोंद नसेल तर जवान धडधाकट होता असं धरायचं, पुरावा देण्याचा भार जवानावर नाही, आणि वाजवी शंकेचा फायदा जवानाला. हे नियम तुमच्या प्रकरणाला कसे लागू होतात तेवढं अपिलात लिहा, निकालाची पानं भरू नका. ‘भरतीच्या तपासणीत मणक्याबद्दल काही नोंद नाही, प्रत जोडली आहे, पहिली तक्रार सेवेच्या अमुक वर्षी, अमुक एमएचमध्ये (मिलिटरी हॉस्पिटलमध्ये) दाखल, प्रत जोडली आहे, बोर्डाने पीस स्टेशन हे एकच कारण दिलं आहे, परिच्छेद ४२३ (अ) प्रमाणे ते कारण होऊ शकत नाही.’ एवढी तीन वाक्यं चार पानांच्या कैफियतीपेक्षा जास्त काम करतात.

‘डीजनरेटिव्ह’ला उत्तर देणं जास्त अवघड आहे आणि इथेच मेहनत घ्यावी लागते. मणक्यातली चकती वयाने झिजते हे खरं आहे, समितीतल्या डॉक्टरांना ते माहीत आहे, त्यामुळे ते नाकारून उपयोग नाही. म्हणायचं ते असं: झीज झाली, पण ती या वयात आणि या पातळीवर व्हायला कामाचा भार कारणीभूत आहे, किंवा निदान त्या भाराने ती वाढली. सेवेने वाढलेला आजारही पेन्शनला तितकाच पात्र असतो, म्हणून ‘झाला’ आणि ‘वाढला’ हे दोन्ही पर्याय स्वतंत्रपणे मागा. नुसतं ‘झाला’ मागितलं आणि ते पटलं नाही, की हातात काही उरत नाही.

भार दाखवायचा तर आकड्यांत दाखवा. १५५ मिमीचा गोळा साधारण ४३ किलोचा, १३० मिमीचा ३३ किलोचा. गनरने तो कमरेत वाकून उचलायचा, पिळा देऊन वळायचं, ट्रेवर ठेवायचा. फायरिंगच्या दिवशी हे किती वेळा होतं ते ज्याने तोफ चालवली त्याला सांगायला नको, पण समितीला सांगायला हवं. गन डिटॅचमेंटमध्ये कोणत्या नंबरवर होतात, किती वर्षं, कोणत्या तोफेवर, ते लिहा. ड्रायव्हर असाल तर कोणती गाडी, कोणते रस्ते, किती वर्षं. क्लार्क किंवा स्टोअरमनने स्वतःला गनर असल्यासारखं लिहू नये. स्टोअरमध्ये दारूगोळ्याच्या पेट्या किंवा रेशनच्या गोण्या उचलल्या असतील तर तेवढंच खरं आणि तेवढंच पुरे. पोस्टिंगचा तपशील समोर असतो, अतिशयोक्ती लगेच पकडली जाते आणि मग खरं तेही संशयाने वाचलं जातं.

इथे सर्वांत उपयोगी पडणारा कागद म्हणजे जुना एएफएमएसएफ-१५. पी-२ किंवा पी-३ ही खालची वैद्यकीय कॅटेगरी देताना त्यात निर्बंध लिहिलेले असतात: वजन उचलू नये, वाकू नये, धावणं-उड्या नकोत, बराच वेळ उभं राहू नये. ही सैन्याच्याच डॉक्टरची कबुली आहे की अशा कामाने हे दुखणं वाढतं. कॅटेगरी लागल्यानंतरही तेच काम दिलं गेलं असेल, कॅटेगरीची तारीख आणि त्यानंतरच्या ड्युटीच्या तारखा शेजारी-शेजारी ठेवता येत असतील, तर ‘सेवेने वाढला’ हा मुद्दा जवळजवळ सिद्ध होतो. आमच्या मते पाठीच्या अपिलातलं सर्वांत सशक्त पान हेच असतं, आणि ते जोडलेलं क्वचितच दिसतं.

डॉक्टरांचं मत घेताना सिव्हिल डॉक्टर असेल तरी हरकत नाही. सरकारी रुग्णालयातल्या अस्थिरोगतज्ज्ञाचं वजन थोडं अधिक पडतं. पण डॉक्टरांकडे नुसता ताजा एमआरआय घेऊन जाऊ नका. सेवेतले कागद, पोस्टिंग, कामाचं वर्णन हे सगळं समोर ठेवा आणि तीन गोष्टी लेखी मागा: निदान व मणक्याची नेमकी पातळी, आज असलेली मर्यादा, आणि सेवेतल्या कामाशी संबंध व त्यामागचं कारण. ‘संबंध असू शकतो’ असं लिहिलं तर ते समितीला काहीच सांगत नाही. कारण मांडून ‘सेवेतल्या कामामुळे वाढला असण्याची शक्यता अधिक’ असं डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणत असतील तर तसंच लिहून घ्या. म्हणत नसतील तर आग्रह धरू नका, ते पत्र तुमच्यावरच उलटेल.

इंजुरी रिपोर्ट नसेल तर? पाठीत उसण भरली, एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) गोळ्या आणि दोन दिवस ‘एक्स्क्यूज ड्युटी’ मिळाली, एवढ्यावर कोणी आयएएफवाय-२००६ भरत नाही. हे समजावून सांगा. त्याऐवजी सिक रिपोर्टची नोंद, एमएचचा डिस्चार्ज स्लिप, सोबत असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं द्या. प्रतिज्ञापत्रात त्यांचा नंबर, हुद्दा, ते त्या वेळी त्याच युनिटमध्ये असल्याचा पुरावा आणि प्रत्यक्ष पाहिलेलं एवढंच असावं; ‘यांना पेन्शन मिळावी’ अशी शिफारस नको. सुट्टीत घरी शेतावर पडून झालेल्या दुखापतीचा सेवेशी संबंध जोडणं फार कठीण आहे. सुट्टीवर जाता-येतानाच्या प्रवासातली दुखापत मात्र नियमांनी वेगळी धरली आहे, तेव्हा घटना नेमकी कुठे आणि कोणत्या तारखेला झाली ते रजेच्या कागदावरून तपासून घ्या.

कोणते नियम लावायचे हे डिस्चार्जच्या तारखेवर ठरतं. जुन्यांना १९८२ चे एंटायटलमेंट रूल्स, नंतरच्यांना २००८ चे, आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून लागू झालेले नवे. धरमवीर सिंग हा निकाल १९८२ च्या नियमांवर उभा आहे. २०२३ नंतर निवृत्त झालेल्याने तो आहे तसा उतरवला तर समिती एका ओळीत उत्तर देते. त्याने नव्या नियमांचा मजकूर वाचूनच मुद्दे काढावेत. २००८ च्या नियमांत आणखी एक फास आहे: निवृत्तीनंतर १५ वर्षांनी दावा केला तर पुराव्याचा भार दावेदारावर येतो.

अपील इंग्रजीत किंवा हिंदीत, टाइप केलेलं, शक्यतो तीन पानांच्या आत. वर नंबर, हुद्दा, नाव, भरती आणि डिस्चार्जच्या तारखा, नामंजुरीच्या पत्राचा क्रमांक, पत्राची तारीख आणि ते हाती पडल्याची तारीख. शेवटच्या तारखेसाठी पोस्टाचा लिफाफा जपून ठेवा. पत्र उशिरा मिळालं याचा तोच पुरावा. मग बोर्डाचं कारण शब्दशः, त्याखाली त्याचं उत्तर, प्रत्येक वाक्यापुढे जोडपत्राचा क्रमांक. शेवटी नेमकी मागणी: आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेने वाढला असं मानावं, डिसेबिलिटी एलिमेंट डिस्चार्जच्या दुसऱ्या दिवसापासून द्यावं, राउंडिंग-ऑफसह (म्हणजे टक्के वरच्या टप्प्याला धरून; हिशेब पुढे दिला आहे). पहिलं अपील आर्मी मुख्यालयातल्या पहिल्या अपिलांच्या समितीच्या नावाने, पण रेकॉर्ड ऑफिसमार्फत जातं. नामंजुरीच्या पत्रात पत्ता दिलेला असतो, तोच वापरा. स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती आणि पूर्ण संचाची एक प्रत घरी ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पाठपुराव्याचं पत्र जोडून घेता आलं तर घ्यावं. तोंडी चौकशीवर विसंबू नये.

सहा महिने उलटून गेले असतील तरी अपील कराच, उशिराची कारणं सुरुवातीला लिहून. पहिलं अपील फेटाळलं गेलं तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं, एसएसीपी या समितीकडे. इथे पहिल्या अपिलाचीच प्रत काढून पाठवणं ही सर्रास होणारी चूक. पहिल्या समितीने नवं कारण दिलेलं असतं. दुसऱ्या अपिलाने त्या नव्या कारणाला उत्तर द्यायचं असतं.

त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. निवृत्त माणूस जिथे राहतो तिथल्या खंडपीठात अर्ज करता येतो, म्हणून नाशिककरांसाठी मुंबई खंडपीठ. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे, आणि अपील करून सहा महिने झाले तरी उत्तर नाही, अशा वेळीही तिथे जाता येतं. उशीर झाला असेल तर माफीचा अर्ज सोबत लावतात. उशिराने गेलात तर हक्क बुडत नाही, पण तरसेम सिंग निकालाप्रमाणे थकबाकी साधारणपणे अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. उशिराची खरी किंमत ती.

वकील घेताना एक सांगणं कळकळीचं आहे. ‘आधी काही देऊ नका, थकबाकीतले इतके टक्के द्या’ म्हणणारे एजंट कॅम्पच्या आसपास भेटतात. निकालाच्या रकमेत हिस्सा ठरवणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे, आणि एजंटला तर वकिलीचा अधिकारच नाही. मूळ डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) कोणाच्याही हाती देऊ नका. नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) जुलै २०२५ मध्ये सुरू केलेल्या वीर परिवार सहायता योजनेत सैनिक कल्याण कार्यालयांमधून मोफत कायदेशीर मदतीची व्यवस्था आहे. आधी तिथे विचारा.

पैशाचा हिशेब आधीच समजून घ्या, म्हणजे किती अंगाला लावायचं ते ठरवता येतं. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, त्या प्रमाणात खाली. वेतन ४५,००० रुपये धरलं तर १०० टक्क्यांना १३,५०० आणि २० टक्क्यांना २,७००. पण ३१ जानेवारी २००१ च्या पत्राप्रमाणे ५० च्या खालचे टक्के ५० धरले जातात, म्हणजे ६,७५०, वर महागाई सवलत. हा राउंडिंग-ऑफ आधी फक्त बोर्डआउट झालेल्यांना देत. सेवा पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तो लागू आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार प्रकरणात ठरवलं. अपिलात तो मागितला नाही तर मंजुरी २० टक्क्यांचीच येते आणि त्या फरकासाठी पुन्हा पहिल्यापासून पत्रव्यवहार.

आदेश बाजूने लागला की सुधारित पीपीओ निघतो आणि संरक्षण पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर दिसतो. तो उघडून चार नोंदी ताडून पाहा: डिसेबिलिटी एलिमेंट सुरू झाल्याची तारीख, राउंडिंगनंतरचे टक्के, मुदत ‘आजीवन’ आहे की दोन-पाच वर्षं, आणि थकबाकीचा कालावधी. फरक असेल तर स्पर्शवर तक्रार नोंदवा आणि रेकॉर्ड ऑफिसला आदेशाच्या प्रतीसह लेखी कळवा. न्यायाधिकरणाने दिलेली मुदत संपली आणि पीपीओ आलाच नाही, तर त्याच खंडपीठात अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. त्यासाठी आदेशाची प्रमाणित प्रत आणि ती रेकॉर्ड ऑफिसला पोचल्याची पावती लागते.